पत्रा कापल्यानंतरचे वॅट कुणाच्या खात्यावर?
विद्युत पोलादाची आणि मोटरची मानके लिहिणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या) तांत्रिक समिती ६८ आणि तांत्रिक समिती २ चे सर्व सदस्य

सन्माननीय सदस्यहो, सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एक समिती चुंबकीय पोलादाची मानके लिहिते, दुसरी फिरत्या विद्युत यंत्रांची. एका किलो पत्र्यात किती वॅट वाया जातील ते पहिल्या समितीच्या कागदावर असते, तर मोटरची कार्यक्षमता किती ते दुसऱ्या समितीच्या. या दोन कागदांच्या मधे पत्रा कापणारी प्रेस आहे, तिच्यातला कापणारा साचा म्हणजे डाय आहे, वेल्डिंग आहे, गरम करून चढवलेली बॉडी आहे. तिथून जाताना पोलाद बदलते आणि त्या बदलाचा आकडा दोन्हींपैकी एकाही कागदावर येत नाही. मी स्टेटर कोअरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागातल्या पोलादी गाभ्याच्या, चाचणीचे काम करतो. हा राहून गेलेला आकडा माझ्या वॅटमीटरवर रोज दिसतो, म्हणून हे पत्र.

आधी एक अनुभव सांगतो. एका नव्या मोटरचा नमुना आमच्या बाकावर आला होता. त्याची स्टॅम्पिंग, म्हणजे पत्र्याच्या कापलेल्या चकत्या, वायरकटवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्रावर) कापलेली होती आणि गठ्ठा चिकटवून धरलेला होता. नो-लोडला, म्हणजे भार न लावता, वॅट गणिताप्रमाणे आले, सगळ्यांना समाधान वाटले. काही महिन्यांनी त्याच ड्रॉइंगची, त्याच ग्रेडच्या पत्र्याची, पण डायवर कापलेली पहिली खेप आली आणि नो-लोडचे वॅट चढलेले निघाले. करंटही वाढला होता. आधी वाइंडिंगवर संशय गेला, मग बेअरिंगवर, मग पोलाद पुरवणाऱ्यावर. पत्र्याच्या पट्ट्या कापून एपस्टाइन चौकटीत (पत्र्याचा व्यय मोजण्याच्या प्रमाणित उपकरणात) घातल्या, तर आकडा प्रमाणपत्राच्या मर्यादेत आला. टूल रूमने बर (कापाच्या कडेला उठलेला खरखरीत काठ) मोजून दाखवला, तोही मर्यादेत. असेंब्लीने बॉडीची आणि कोअरची मापे काढली, ती ड्रॉइंगप्रमाणे होती. जो तो आपल्या जागी बरोबर होता आणि मोटर मात्र जास्त वीज खात होती.

शेवटी मी बॉडीत बसवण्याआधीचा उघडा स्टेटर मागवून घेतला. योकभोवती (दातांबाहेरच्या सलग कड्याभोवती) दोन वेटोळी गुंडाळली, एक चुंबकित करायला आणि एक व्होल्टेज मोजायला, आणि वॅट घेतले. मग तोच स्टेटर बॉडीत बसवून पुन्हा घेतले. मग डायला धार लावल्यानंतर निघालेल्या स्टॅम्पिंगचा कोअर आणून त्याचे घेतले. प्रत्येक टप्प्याला काटा हलला. वाढलेले वॅट कुठे गेले ते कळले, पण ते कुणाच्या खात्यावर मांडायचे हे त्या बैठकीत कुणालाच सांगता येईना. खरेदी विभाग म्हणे पोलाद बरोबर, टूल रूम म्हणे डाय बरोबर, असेंब्ली म्हणे बसवणी बरोबर. मला त्या क्षणी तुमच्या दोन समित्यांची आठवण झाली.

पोलादाच्या आत काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. लोखंडाच्या आतले चुंबकत्व लहान लहान प्रदेशांत वाटलेले असते, त्यांना डोमेन म्हणतात. मोटरमधले क्षेत्र फिरत राहते तशा या डोमेनांमधल्या भिंती मागेपुढे सरकत राहतात. त्या जितक्या सहज सरकतील तितका हिस्टेरेसिसचा व्यय, म्हणजे चुंबकत्व उलटसुलट होताना उष्णतेत जाणारी ऊर्जा, कमी. पोलाद बनवणारा सिलिकॉन घालतो, कार्बन आणि गंधक काढून टाकतो, कण मोठे वाढवतो, शेवटी भट्टीतून नीट निववतो. यातल्या बहुतेक कष्टांमागे भिंतींची वाट मोकळी करणे हा हेतू असतो. आणि मग पंच खाली येतो. कापाच्या कडेलगतचे कण मुरगळतात, त्यांत स्फटिकदोषांची दाटी होते, भिंती तिथे अडकून पडतात. त्याच्याही आत, जिथे सूक्ष्मदर्शकाखाली पत्रा अगदी निरोगी दिसतो, तिथे ताण कोंडून राहिलेला असतो. मुरगळलेला पट्टा साधारण पत्र्याच्या जाडीइतका किंवा त्याहून कमी असतो. कोंडलेल्या ताणाचा चुंबकीय परिणाम मात्र त्यापेक्षा बराच आतवर जातो. किती आत, हे पत्र्याच्या ग्रेडवर, कणांच्या आकारावर, डायच्या क्लिअरन्सवर (पंच आणि डाय यांच्यातल्या फटीवर) आणि तिच्या धारेवर ठरते. शिवाय मोजण्याच्या पद्धतीनेही ते बदलते. प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मिलिमीटरच्या अंशापासून कित्येक मिलिमीटरपर्यंतचे आकडे आहेत. एवढी तफावत आहे म्हणूनच एक ठरलेली पद्धत हवी.

ताण आणि चुंबकत्व यांचे नाते काही नवे नाही. चुंबकित झाल्यावर लोखंडाची लांबी किंचित बदलते हे जूलने १८४२ मध्ये दाखवले. ताण दिला की चुंबकत्व बदलते, ही उलटी बाजू विलारीने १८६५ मध्ये दाखवली. मोटरच्या नेहमीच्या पोलादात ओढीचा माफक ताण फारसे बिघडवत नाही, कधी किंचित मदतच करतो. दाबाचा ताण मात्र डोमेनांना दाबाच्या दिशेला आडवे वळवतो. मग त्याच दिशेने चुंबकित करायचे तर जास्त क्षेत्र लागते आणि दर आवर्तनाला जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. संपृक्ततेजवळ, म्हणजे पोलाद आणखी फारसे चुंबकित होऊ शकत नाही तिथे, हा फरक बराचसा बुजतो, पण मधल्या पल्ल्यात, अर्धा ते दीड टेस्लाच्या आसपास, तो सर्वांत बोचतो. आणि मोटरमधल्या पोलादाचा मोठा भाग याच पल्ल्यात काम करतो.

आता एपस्टाइन चौकटीकडे वळतो, कारण माझी मुख्य तक्रार तिथूनच सुरू होते. चौकटीत घालायची पट्टी ३० मिलिमीटर रुंद असते. अर्ध्या पट्ट्या लाटणीच्या दिशेने कापलेल्या, अर्ध्या आडव्या. या पट्ट्याही कापलेल्याच असतात, त्यामुळे त्या आकड्यात कापाचा थोडा परिणाम आधीच असतो, हे मला मान्य आहे. पण किती? समजा दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटरचा पट्टा बिघडला. तीसपैकी चार, म्हणजे सुमारे १३ टक्के. आता लहान मोटरच्या स्टेटरचा दात घ्या. तो चार मिलिमीटर रुंद असू शकतो आणि त्याच्या दोन्ही कडा डायनेच कापलेल्या असतात. त्या दातात न बिघडलेले पोलाद उरतच नाही. प्रमाणपत्रावरचा प्रतिकिलो वॅटचा आकडा आणि या दातातले पोलाद, दोघांचा काही संबंध राहिला का? एम २७०-३५ ए या नावातून आपल्याला कळते की ०.३५ मिलिमीटर पत्रा दीड टेस्ला आणि ५० हर्ट्झला किलोमागे जास्तीत जास्त २.७ वॅट खाईल. आरेखन करणारा हाच आकडा संगणकात भरतो. मग मोटर बनते, वॅट जास्त येतात, आणि तो पुढच्या वेळी गणिताला दीड ते दोनचा गुणक लावतो. त्या गुणकात डाय, दाब, वेल्डिंग, हार्मोनिक, सगळे एकत्र कोंबलेले असते. ज्याचे कारण वेगळे करून दिसत नाही ते सुधारता येत नाही. कामाला लागल्यापासून मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट हीच.

पत्रा पातळ केला की प्रश्न सुटतो असे अनेकांना वाटते. एडी करंटचा, म्हणजे पत्र्याच्या आत घुमणाऱ्या विद्युत प्रवाहांचा, साधा व्यय जाडीच्या वर्गाने घटतो. ०.५० वरून ०.३५ मिलिमीटरवर आलो की तो जवळजवळ निम्मा होतो. वेगाने फिरणाऱ्या मोटरींसाठी हे गरजेचेच आहे. आठ ध्रुवांची मोटर मिनिटाला १२,००० फेरे फिरते तेव्हा पोलादातली वारंवारता ८०० हर्ट्झ असते. पण एडी करंटचा वाटा जितका घटतो तितका उरलेल्या व्ययात हिस्टेरेसिसचा वाटा मोठा होतो, आणि कापाचा व दाबाचा घाव पडतो तो मुख्यतः हिस्टेरेसिसवर. म्हणजे ज्या महागड्या पातळ पत्र्याकडून आपण सर्वांत जास्त अपेक्षा करतो, त्यातच ही इजा जास्त जाणवते.

कापाबद्दल निदान बोलले तरी जाते. बॉडीच्या दाबाबद्दल फारच कमी. ॲल्युमिनियमची बॉडी गरम करून स्टेटरवर चढवतात, थंड झाली की ती आवळते. एक साधे गणित मांडतो. कोअरचा बाहेरचा व्यास १६० मिलिमीटर, योक १६ मिलिमीटर जाड, बॉडीची भिंत ८ मिलिमीटर. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. दर अंशाला फरक दशलक्षात सुमारे ११ भाग. मोटर तापून बॉडी आणि कोअर दोन्ही १०० अंशांनी वर गेले, तर व्यासात सुमारे ०.१८ मिलिमीटरची पकड (बॉडीचे भोक कोअरपेक्षा जितके लहान ठेवतात तो फरक) सुटते. तेव्हाही कोअर घसरता कामा नये, म्हणून आरेखक थंडीतली पकड त्याहून जास्त ठेवतो, समजा ०.२५ मिलिमीटर. दोन्ही कड्या पातळ धरून आणि दात सोडून देऊन हिशेब केला तर योकमध्ये सुमारे ४५ मेगापास्कलचा दाब येतो. या पोलादाची यांत्रिक ताकद ३००-४०० मेगापास्कलच्या घरात असल्याने यांत्रिकी अभियंत्याला ४५ हा आकडा किरकोळ वाटतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. चुंबकीय दृष्टीने मात्र हा दाब मोठा आहे, कारण काही दशक मेगापास्कलचा दाबही हिस्टेरेसिस ठळकपणे वाढवतो. त्यात भर अशी की योकमधला चुंबकीय प्रवाह परिघाच्या दिशेने धावतो आणि आवळलेल्या बॉडीचा दाबही परिघाच्याच दिशेने पडतो. सर्वांत वाईट जोडी जमते ती इथे, योकमध्ये. दातांत प्रवाह केंद्राकडून बाहेर जातो, तिथे या दाबाची झळ कमी लागते.

इंटरलॉक (चकत्यांवर खळगे पाडून त्या एकमेकींत अडकवणे) आणि वेल्डिंगबद्दल फार लिहीत नाही. दोन्हींत आजूबाजूला ताण राहतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टॅम्पिंगमधले इन्सुलेशन तिथे तुटून एडी करंटला वाट मिळते. वार्निशने चिकटवलेला गठ्ठा या बाबतीत कितीतरी सरस. वेळ आणि खर्च वाढतो हे खरे.

यावर औषध नाही असेही नाही. कापून झाल्यावर स्टॅम्पिंग ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास, ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात तापवून सावकाश निववली तर कापाचा ताण आणि बहुतांश इजा निघून जाते. पत्र्यावरचा लेप तेवढे तापमान सोसणारा हवा, सेंद्रिय लेप जळून जातात. बॉडीचा दाब अर्थातच या उपायाने जात नाही, कारण तो भट्टीनंतर येतो. तरीही अनेक ठिकाणी हे अ‍ॅनिलिंग का होत नाही? भट्टीचा खर्च ताळेबंदात दिसतो आणि तिने वाचवलेले वॅट कुठल्याच प्रमाणपत्रात दिसत नाहीत, म्हणून. पुरवलेला पत्रा पूर्ण प्रक्रिया झालेला आहे, प्रमाणपत्र ठीक आहे, मग भट्टी कशाला, हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. प्रश्न विचारणाऱ्याला दोष देववत नाही. त्याच्या हाती असलेला कागद त्याला हेच सांगतो.

आता दुसऱ्या समितीकडे. तुमच्या ६००३४-२-१ मानकात पूर्ण मोटर मोजली जाते. त्यामुळे बिघडलेल्या पोलादाचे वॅट त्या आकड्यात येतातच, असे तुम्ही म्हणाल. येतात, पण नमुन्याच्या मोटरचे. नमुना लेझरने किंवा वायरकटने कापलेला असेल तर त्याच्या पोलादाला झालेली इजा वेगळी आणि डायने कापलेल्या लाखो स्टॅम्पिंगची वेगळी. नव्या डायची वेगळी आणि धार गेलेल्या डायची वेगळी. ११ किलोवॅटची चार ध्रुवांची ५० हर्ट्झची मोटर पाहू. कार्यक्षमतेच्या आयई३ वर्गासाठी ९१.४ टक्के आणि त्यावरच्या आयई४ साठी ९३.३ टक्के. पूर्ण भाराला आयई३ मध्ये सुमारे १,०३५ वॅट वाया जातात, आयई४ मध्ये सुमारे ७९०. या दोन वर्गांमधले २४५ वॅट मिळवण्यासाठी लोक तांबे वाढवतात, कोअर लांब करतात, महाग पत्रा आणतात. समजा त्या आयई३ मोटरचा आयर्न लॉस (पोलादातला व्यय) २०० वॅट आहे आणि डाय बोथट होऊन व बॉडी आवळून तो ३० टक्क्यांनी वाढला. ६० वॅट गेले, म्हणजे दोन वर्गांतल्या अंतराचा जवळजवळ पाव हिस्सा. वर्षाला ६,००० तास चालणारी मोटर यात ३६० युनिट जास्त जाळते, दरवर्षी, भंगारात जाईपर्यंत. शिवाय पारगम्यता (पोलाद किती सहज चुंबकित होते ते) घटल्याने चुंबकनाचा करंट वाढतो, म्हणजे तांब्यातला व्ययही थोडा वाढतो आणि पॉवर फॅक्टर उतरतो.

हे कुणाच्या लक्षात का येत नाही? ६००३४-१ मध्ये १५० किलोवॅटपर्यंतच्या मोटरींना एकूण तोट्याच्या हिशेबात १५ टक्क्यांची सूट आहे. आमच्या ११ किलोवॅटच्या मोटरीत ९१.४ चे सुमारे ९०.१ झाले तरी ती मानकात बसते. एवढ्या जागेत १७० वॅट मावतात, माझे ६० वॅट त्यात सहज लपतात. सूट चुकीची आहे असे मी म्हणत नाही, मोजमापात आणि उत्पादनात चढउतार असतोच. पण एका दिशेने सरकत जाणारी झीज ही चढउतार नव्हे. डाय बोथट होत जाते तसा तोटा वाढतच जातो.

म्हणून माझी विनंती.

समिती ६८ ला: पोलादाच्या मानकात ३० मिलिमीटर पट्टीच्या आकड्याशेजारी अरुंद पट्टीचा आकडाही मागवा. तीच पट्टी लांबीच्या दिशेने कापून १५, १० आणि ७.५ मिलिमीटरचे तुकडे करायचे, ते शेजारी शेजारी ठेवून तितकेच वजन पुन्हा चौकटीत मोजायचे. वॅट किती वाढले यावरून कडेची इजा काढता येते. प्रयोगशाळांत हे केले जाते, नवे उपकरण लागत नाही. ठरवायचे आहे ते एवढेच की काप कसा द्यायचा, क्लिअरन्स किती, धार किती. दुसरा आकडा दाबाखालचा. पातळ पत्रा दाबला की वाकतो, त्यामुळे त्याला बाजूने आधार देणारी चौकट लागते आणि हे काम सोपे नाही, याची मला कल्पना आहे. पण निदान दोन-तीन ठरावीक दाबांना, लाटणीच्या दिशेने आणि आडवे, असे आकडे मिळाले तर आरेखकाचे अर्धे अंदाज संपतील.

प्रत्येक कारखान्याची डाय वेगळी, मग कापलेल्या पत्र्याचा आकडा प्रमाण कसा मानायचा, हा आक्षेप मी ऐकला आहे. एपस्टाइनची पट्टीही मोटरसारखी नसतेच. ती सर्वांनी मान्य केलेली एक पद्धत आहे, म्हणून दोन पोलादांची तुलना करता येते. कापाचीही अशी एक पद्धत मान्य झाली, तर कुठला पत्रा काप सोसतो आणि कुठला नाही हे तरी कळेल. आज प्रमाणपत्रावर सारखे दिसणारे दोन पत्रे डायखालून गेल्यावर वेगळे वागू शकतात आणि खरेदी करणाऱ्याला ते आधी कळण्याचा मार्ग नाही. शिवाय तुमच्याकडे पूर्वोदाहरण आहे. अर्धप्रक्रियित पोलादाच्या मानकात वॅटची हमी नमुन्यावर ठरलेली उष्णताप्रक्रिया केल्यानंतरची असते. पुढे कारखान्यात पोलादाचे काय होणार आहे, ते धरून आकडा द्यायचा, हे तत्त्व तिथे तुम्ही मान्य केलेच आहे. तिथे पोलाद सुधारते, इथे बिघडते, फरक इतकाच.

समिती २ ला: चाचणी अहवालात तीन ओळी वाढवा. नमुन्याची स्टॅम्पिंग कशाने कापली, गठ्ठा कसा जोडला, बॉडीत किती पकडीने बसवला. उत्पादनात यातले काहीही बदलले तर नो-लोड चाचणी पुन्हा. आणि कोअर बॉडीत जाण्याआधी व गेल्यानंतर एकदा मोजण्याची शिफारस करा. मी त्या दिवशी केले ते काही फार अवघड नव्हते. वायरचे काही फेरे, एक वॅटमीटर आणि थोडा वेळ.

हे दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ठरवावे ही तिसरी विनंती. पोलादाचे गणित एकीकडे, मोटरचे दुसरीकडे, अशी विभागणी राहिली तोवर प्रेस शॉप मधल्या मोकळ्या जागेतच राहील. जगातल्या विजेचा सुमारे ४५ टक्के वाटा मोटरी आणि त्यांवर चालणारी यंत्रे वापरतात, असा अंदाज आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. माझे ६० वॅट एका मोटरचे आहेत.

अरुंद पट्ट्यांची आणि बॉडीत बसवण्याआधी-नंतरच्या कोअरची माझ्याकडची मोजमापे, कारखान्याची ओळख वगळून, तुमच्या कार्यगटाला द्यायला मी तयार आहे. पट्ट्या कापण्याची पद्धत ठरवताना प्रत्यक्ष प्रेसवर उभे राहणाऱ्या टूल रूमच्या माणसांनाही बोलवा. डाय कधी बोथट झाली हे आमच्या उपकरणांआधी त्यांना आवाजावरून कळते.

आपला नम्र,
स्टेटर कोअरच्या चाचणी-बाकावर काम करणारा एक अभियंता